उठताना मराठी करून उठायचं

आमच्या इन्स्टिट्यूटमधला की-बोर्ड दिवाळीच्या साफसफाईत उलटा करून झटकतात, तेव्हा एकदा येऊन बघा. शेंगदाण्याची टरफलं पडतात, बडीशेप पडते, बांगडीचा तुकडा पडतो. एकदा तर चाचांच्या चष्म्याचा स्क्रू पडला, आणि चाचा तो आठवडाभर मशिदीपासून मोंढ्याच्या बाजारापर्यंत हुडकून राह्यले होते. किश्श्यांचंही तसंच आहे. रोज त्याच्यावर बोटं आपटून राह्यलो तर काही दिसत न्हाई. एकदा उलटं करा, पडायचे थांबत न्हाईत. तर चहा सांगा, मी झटकतो.

आधी माणसं सांगतो, म्हणजे मंग मधी विचारू नका. परतूरला स्टेशनकडून मोंढ्याकडं येताना डाव्या हाताला सरकटे बाईंची टायपिंग इन्स्टिट्यूट. टाईपरायटरच्या काळापासूनची. निम्म्या तालुक्याची बोटं बाईंनी वळवलेली. रशीदचाचा म्हणजे उर्दू शाळेतले रिटायर्ड मास्तर; दुपारी घरी करमत न्हाई म्हणून आमच्यात येऊन बसतात आणि उर्दूचं काम बघतात. कांतामावशी झाडलोट करते, पण नवीन गिऱ्हाईक आत आलं की तिलाच मालकीण समजून नमस्कार करतं, एवढा तिचा आवाज. आणि मी माणिक. मशीनची सेटिंग माझ्याकडं. गावात मला सेटिंगमाणिक म्हणतात, आणि मला त्याची बिलकुल लाज वाटत न्हाई.

मशीन एकच. जुनी एक्सपी. पाठीमागं पोट सुटलेला मॉनिटर. चालू केलं की आधी खोकल्यासारखा आवाज करतं, मंग उठतं.

*

या मशीनवरून मायलेकांची शर्त लागली, तिथून सगळं सुरू झालं.

बाईंचा मुलगा सिद्धार्थ, आमचा सिद्धू, पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. पोराचं आईवर प्रेम, त्याच्याबद्दल शंका न्हाई. पण तो आला की मशीनकडं बघून तोंड वाकडं करायचा.

"आई, हे म्युझियममध्ये ठेवायचं मशीन आहे."

"मग तिकीट काढून बघ," बाई म्हणाल्या.

त्यानं एक दिवस भंगारवाल्यालाच दारात आणून उभं केलं. हातगाडा, तराजू, सगळं तयार. मी तुला नवीन लॅपटॉप देतो, हे डबडं जाऊ दे, म्हणला. बाईंनी चष्मा काढला. बाईंनी चष्मा काढला की आम्ही सगळे गप्प बसतो.

"सिद्धू, माझ्या बाबांना सही येत नव्हती. मी टायपिंग शिकले तेव्हा पहिल्यांदा त्यांचं नाव टाईप करून दिलं. तो कागद बंडीच्या खिशात घेऊन फिरायचे. भेटेल त्याला दाखवायचे, हा मी आहे म्हणून. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या दारात आलेल्या माणसाला आपल्या भाषेत लिहिता आलंच पाहिजे. हे मशीन ते करतं. ज्या दिवशी एक जरी माणूस माझ्या दारातून न लिहिता परत जाईल, त्या दिवशी मी स्वतः हे गाड्यावर ठेवीन."

"नक्की?"

"सरकटे बाईंचा शब्द आहे."

भंगारवाला तसाच परत गेला. पण बेटा हुशार. दर महिन्याला गल्लीतून जाताना दारात थांबायचा आणि विचारायचा, "बाई, गेलं का कुणी?"

*

पहिलंच माणूस आलं ते उर्दूवालं. पोरीची लग्नपत्रिका, उर्दूतच पाहिजे. मशीनवर मराठी, हिंदी, इंग्रजी होतं. उर्दूचा पत्ता न्हाई.

मी म्हणलं, काळजी करू नका. एक्सपीत सगळं असतं, नुसती टिक करावी लागते. टिक केली. मशीन म्हणलं, ओरिजनल सीडी घाला.

सीडी कुठंय? सगळी कपाटं उचकली. मंग कांतामावशी शांतपणे म्हणाली, "त्या चकचकीत चकत्या का? त्या तर बाईंनी गेल्या हंगामात तुझ्याच मेव्हण्याला दिल्या की. पाखरं हाकायला."

माझी आक्का अंतरवाली सराटीला दिलेली आहे. चाचांच्या मोपेडवर बसून आम्ही तिथं गेल्तो. जोंधळा हुरड्यात आलेला, आणि वावराच्या चारी बांधांना सीड्या लटकून चमचम करून राह्यलेल्या. जवळ जाऊन बघतो तर उन्हानं वरची नावं उडालेली. कोणती आपली, काही कळंना. सगळ्याच न्याव्या लागणार.

आक्का आडवी आली. "सीड्या ने. पण माझी पाखरं कोण राखील?"

चाचांनी बाईंना फोन लावला. बाईंनी एका मिनिटात निकाल दिला. "मास्तर, तुम्ही सीड्या घेऊन या. माणिक तिथंच राहील."

मी ठेव म्हणून वावरात. आक्कानं हातात गोफण दिली आणि भाकरी बांधून दिली. तिकडं परतूरला कांतामावशीनं एकेक सीडी मऊ लुगड्याच्या फडक्यानं पुसली, आणि बाई फोनवर मला विचारून मशीन चालवू लागल्या. मी राखणीच्या माळ्यावर उभा.

"बाई, लँग्वेजचं पान उघडलं का? दोन चौकटी दिसतील. वरच्यावर टिक करा. हाऽऽट! हाट, मेल्यांनो!"

"माणिक, मी टिकच केली आहे."

"तुम्हाला न्हाई बाई, चिमण्यांना. खालच्या चौकटीला हात लावू नका, ती चिनी-जपानीची आहे."

"चिनी माणूस आला तर?"

"आला तर बघू. हाऽऽट!"

दिवस मावळता मावळता फोन आला. सीडी सापडली, मशीननं खाल्ली, उर्दू उतरलं. मी माळ्यावरून असा ओरडलो की वावरातली सगळी पाखरं उठली. आक्का म्हणाली, हे सकाळीच केलं असतंस तर गोफण फिरवायची तरी वाचली असती.

*

उर्दू उतरलं, पण चाचांचं बोट चालंना. कोणतं अक्षर कुठं बसवलंय, काही अंदाज लागंना. चाचा म्हणाले, "माणिक, ये किसने बिठाया? पूरी बस्ती में एक भी आदमी अपने घर में नै है."

मंग मी की-बोर्ड बनवायचं एक सॉफ्टवेअर घेतलं, आणि चाचांच्या शेजारी बसून एकेक अक्षर त्यांना पाहिजे तिथं बसवलं. चाचा सांगायचे, मी बसवायचो. काफ कुठं, मीम कुठं, सगळं त्यांच्या मर्जीनं. मी आजपर्यंत केलेल्या कामात मला सगळ्यात जास्त अभिमान कशाचा असंल तर या की-बोर्डचा. तसा की-बोर्ड जगात दुसरा न्हाई.

पहिल्यांदा चाचांनी बटण दाबलं आणि स्क्रीनवरची ती लुकलुकणारी उभी रेघ टुणकन उजव्या बाजूला, उर्दू सुरू होते तिथं, जाऊन बसली. चाचा बघतच राह्यले. त्यांचे डोळे भरून आल्ते, आणि त्यांनी ते लपवले पण न्हाईत.

"उमरभर मी मशीनच्या बाजूनं चाललो," म्हणाले. "आज पहिली बार मशीन माझ्या बाजूनं चाललं."

पत्रिका इतकी सुंदर निघाली की पोरीच्या बापानं लग्नात चाचांना नवरदेवाच्या शेजारी बसवलं. भंगारवाला पण त्या लग्नात जेवायला आल्ता. चाचांना बघितलं आणि मुकाट बिर्याणी खाल्ली.

*

आता एवढ्या भाषा एका की-बोर्डवर, तर कळावं कसं? बाईंनी आयडिया काढली. नेलपॉलिश. मराठीची अक्षरं लाल, चाचांची हिरवी. बारीक काडीनं एकेका बटणावर रंगवली. आमचा की-बोर्ड चैत्रातल्या अंगणासारखा दिसायचा. गिऱ्हाईक विचारायचं, "यातलं माझं कोणतं?" आणि बाई सांगायच्या, "तुमचं लाल."

मंग दिवाळी आली. कांतामावशीला साफसफाईचा झटका आला. कुठून तरी तिनं थिनर पैदा केलं, आणि आम्ही यायच्या आत की-बोर्ड घासूनपुसून असा लख्ख केला की लाल गेलं, हिरवं गेलं, आणि कंपनीनं छापलेली इंग्रजी पण गेली. कोरा करकरीत. दारात उभी राहून म्हणते कशी, "कसा दिसून राह्यला? केवढा मळ बसल्ता त्याच्यावर."

चाचा खाली बसले. मी बोलायला तोंड उघडलं. पण बाई आधी बोलल्या. "बरं झालं. आता पोरं खाली बघणार नाहीत."

पण सोडलं न्हाई हां तिला. "तू पुसलंस, तूच काढायचं," म्हणाल्या. कांतामावशीला लिहिता-वाचता येत न्हाई. तिला त्याचं काय? बाईंनी पाटीवर अक्षर काढून दाखवायचं, तिनं बटणावर काढायचं. नागपंचमीला भिंतीवर नाग काढणारी बाई ती, हात असला साफ की बाईंच्या अक्षरापेक्षा तिचं अक्षर सुबक आलं. लाल झालं, मंग चाचांनी पाटी घेतली आणि हिरवं झालं. चाचा म्हणाले, माझ्या शाळेत असं वळण एकाही पोराचं नव्हतं.

"त्यात काय," कांतामावशी म्हणाली, "पाय कुठं फुटलाय आणि शेपूट कुठं वळलीय एवढंच बघायचं."

*

आमच्यात एक नियम आहे. खुर्चीवरून उठताना मराठी करून उठायचं. तुम्ही उर्दू करा, हिंदी करा, काय वाटेल ते करा; पण उठायच्या आधी अल्ट-शिफ्ट दाबून मराठी. विसरला त्यानं माठ भरायचा. नळ गल्लीच्या टोकाला आहे. हा नियम का झाला, तर अण्णांमुळं.

अण्णा तहसीलसमोर बसून लोकांचे अर्ज लिहून देतात. बाईंचे टाईपरायटरच्या काळातले विद्यार्थी. अजूनही टाईपरायटरच चालवून राह्यलोय असं समजून बसतात. ओळ संपली की रोलर सरकवायला डावा हात जोरात बाजूला मारतात, आणि तो बसतो मॉनिटरच्या गालावर. पहिल्यांदा मी घाबरलो. पण आमचा मॉनिटर दुपारनंतर लुकलुकायला लागतो, तो अण्णांच्या फटक्यानं एकदम बराबर व्हायचा. आता लुकलुकला की आम्ही अण्णांनाच बोलावणं पाठवतो.

तर एकदा अण्णा आले, कागद डाव्या बाजूला लावला आणि सुरू झाले. बाईंची शिकवण अशी की नजर कागदावर, की-बोर्डवर न्हाई, स्क्रीनवर न्हाई. अण्णांनी अख्खं पान हाणलं, एकदाही मान वर न करता. शेवटचा फटका मॉनिटरला मारला आणि मान वर केली, तर समोर पानभर उर्दू. चाचा नमाजाला उठताना मराठी करायला विसरल्ते.

चाचा परत आले. चष्मा लावून सगळं पान वाचलं. अण्णांच्या कपाळावर घाम.

"मास्तर, काय लिहिलंय मी?"

"मतलब कुछ नै निकलता अण्णा," चाचा म्हणाले, "पर टायपिंग एकदम साफ है."

बाईंनी मूळ कागद घेतला, मला बटणं जुळवून बघायला लावली. एकेक उर्दू अक्षर ज्या बटणाचं, मराठी करून मी तेच बटण दाबत गेलो, अर्ज जसाच्या तसा उतरला. बाईंनी आमच्या सगळ्यांकडं बघितलं. असा तोरा मी त्यांच्या तोंडावर परत बघितला न्हाई.

"एकही चूक नाही," म्हणाल्या. "फक्त भाषा चुकली."

चाचांनी त्या दिवशी माठ भरला.

*

मंग तो ट्रकवाला. तेलंगणातला. कापसाचा माल घ्यायला आल्ता. शहागडच्या ढाब्यावर त्याला कुणीतरी सांगितलं की परतूरला एक बाई आहेत, त्यांच्याकडं कुणाचीही भाषा निघते. बघा, तिथपर्यंत नाव गेल्तं.

त्याला ट्रकच्या काचेवर आपल्या पोरीचं नाव पाहिजे होतं, तेलुगूत. मोठ्या अक्षरात छापून द्या, पेंटर कापून लावील. सीडी एकदा खाल्लेली असल्यामुळं तेलुगू मशीनमध्ये होतं. लावलं. पण आमच्यापैकी कुणाला तेलुगूचं अक्षर ओळखू येतंय? आणि त्याला की-बोर्ड ओळखू येईना.

भंगारवाला नेमका त्याच वेळी दारात. "बाई, हा जातोय वाटतं."

बाईंनी त्याला खुर्ची दिली. "बसा. बघा कसा जातो ते."

मंग मी एकेक बटण दाबायचो आणि ड्रायव्हर स्क्रीनकडं बघायचा. न्हाई. न्हाई. न्हाई. आणि आपलं अक्षर आलं की मांडीवर थाप मारून म्हणायचा, "यहीच!" कांतामावशी लगेच त्या बटणावर खडूनं खूण करायची. चाचा चहा पाजायचे. अख्खी दुपार गेली. पण नाव निघालं. अख्ख्या पानावर, ठसठशीत.

ड्रायव्हर बाईंच्या पाया पडायला वाकला. बाईंनी त्याला धरलं. "पाया पडू नका. वाचून दाखवा."

त्यानं वाचलं. लावण्या. दोन वेळा वाचलं. मंग भंगारवाल्याला पण वाचून दाखवलं, आणि भंगारवाला म्हणाला, नाव चांगलंय.

आता तो ट्रक कधीकधी मोंढ्यातून जातो. हॉर्न देतो. आम्ही काम टाकून दारात येतो.

*

आता हा शेवटचा, मंग उठतो.

यंदा सिद्धू आला तो लॅपटॉप घेऊनच आला. आणि गल्लीच्या तोंडाशी भेटला म्हणून भंगारवाल्याला पण संगं घेऊन आला. आम्ही सगळे आतच होतो. चाचा मशीनवर बसल्ते, मी माऊस उघडून बसल्तो, कांतामावशी झाडत होती.

"काय, गेलं का कुणी परत?" सिद्धूनं हसत विचारलं.

"एकही नाही," बाई म्हणाल्या. काय ताठ मानेनं म्हणाल्या.

सिद्धूनं सगळीकडं बघितलं. आणि तो हसायचा थांबला. त्याला खरंच तेव्हाच सुचलं असणार, कारण तो हळूच बोलला.

"आई, कांतामावशी रोज परत जाते."

रोज सकाळी येणारी, संध्याकाळी जाणारी, की-बोर्डावरची सगळी अक्षरं जिनं आपल्या हातानं काढली ती बाई. तिचं नाव कधी आम्ही टाईप केलं न्हाई. मलाही सुचलं न्हाई, चाचांना सुचलं न्हाई. बाईंनी चष्मा काढला. पण या वेळी नुसता हातात धरून बसल्या.

"खरं आहे," म्हणाल्या. "हरले मी. माणिक, वायर काढ."

मी उघडलेला माऊस खाली ठेवला. बाईंचा शब्द होता. मी टेबलाखाली वाकलो.

"वायरीला हात लावलास तर झाडू घालीन," कांतामावशी म्हणाली.

ती मधी येऊन उभी राह्यली. हातात खरंच झाडू. "मला इचारलं का कुणी? कोण परत गेलं? मी तर हितंच हाय."

सिद्धू म्हणाला, "मावशी, तू रोज जातेस."

"रोज मी झाडायला येते. आज लिहायला आले."

असं म्हणून तिनं झाडू भिंतीला टेकवला, हात पदराला पुसले आणि चाचांना उठवून खुर्चीवर बसली. भंगारवाला उंबऱ्यावर टेकला. मी त्याला चहा दिला, दुसरं काय करणार.

बाईंनी लाकडी पट्टी घेतली आणि मागं उभ्या राहिल्या, अगदी पहिल्या दिवसाच्या पोरीच्या मागं उभ्या राहतात तशा. "हे क. दाब."

कांतामावशीनं दाबलं. स्क्रीनवर बघितलं. मंग सावकाश मान वळवली.

"हे लाल न्हाई. हे हिरव्यातलं हाय. चाचा, माठ भरा."

चाचा उठताना मराठी करायला विसरल्ते. त्यांनी कळशी उचलली आणि नळाला गेले. कांतामावशीनं आम्हाला रोज बघून पाठ झालेलं अल्ट-शिफ्ट दाबलं आणि परत सुरू केलं.

"खाली बघायचं नाही," बाई म्हणाल्या.

"मीच काढलंय ते, मी न्हाई बघायचं तर कुणी बघायचं?"

पट्टी टेबलावर वाजली. कांतामावशीनं मान वर केली. क. मंग काना. चुकला, पुसला, परत आणला. वरचं टिंब हुडकायला लय वेळ गेला. मंग त. "आता परत तीच काठी?" तिनं विचारलं. "परत तीच," बाई म्हणाल्या. चाचा कळशी घेऊन आल्ते, ते तशीच कमरेवर धरून उभे राह्यले.

शेवटची काठी पडली. बाईंनी पट्टी स्क्रीनवर टेकवली. "वाच."

कांतामावशीनं बाईंची पट्टी जशी सरकली तसं वाचलं. "कां. ता." मंग एकदम वाचलं. मंग खुर्चीत मागं टेकली, आणि दिवसभर ओरडणारी ती बाई इतकं हळू बोलली की भंगारवाल्याला उठून आत यावं लागलं.

"मी हाय ही."

बाईंनी पट्टी टेबलावर ठेवली.

सिद्धू उठून बाहेर गेला. आम्हाला वाटलं, डोळे पुसायला गेला. तर तो हातगाड्यावर वाकून काहीतरी उपसून राह्यला होता. थोड्या वेळानं आत आला तो भंगारातला एक जुना की-बोर्ड घेऊन. धुळीनं भरलेला, पण बटणं सगळी जागेवर.

"आई," म्हणाला, "स्पेअर असू दे."

कांतामावशीनं स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात मराठी आहे ना ते बघितलं, आणि मंगच खुर्चीवरून उठली. त्याच्या हातातला की-बोर्ड काढून घेतला.

"आण हिकडं," म्हणाली. "आधी पुसून देते."